चित्रातली मोटार सुरू होईल का?

अमरावती, प्रतिनिधी

जुन्या मोटारीचे चित्र आज कुठेही दिसते. राजापेठेतून बडनेऱ्याकडे निघालेल्या माणसाला ते गॅरेजच्या शटरवर दिसेल, पुढे जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या टी-शर्टच्या पाठीवर दिसेल, लग्नपत्रिकेवर किंवा नव्या उपाहारगृहाच्या भिंतीवरही दिसेल. लांबलचक बॉनेट, डोळ्यांसारखे दोन गोल हेडलाइट, उघडे इंजिन आणि बाजूने निघालेल्या चकचकीत नळ्या असा या चित्राचा ठरलेला थाट असतो. बहुतेकांची नजर त्यावरून कौतुकाने फिरते आणि पुढे जाते. परंतु ज्याचे हात ग्रीसने काळे झालेले आहेत असा माणूस तेच चित्र पाहून हसतो. त्याच्या मनात एकच प्रश्न असतो. ही मोटार सुरू होईल का?

जुन्या मोटारींवर, विशेषतः 'हॉट रॉड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्या मंडळींत चित्रांतील यांत्रिक चुका शोधून त्यांवर विनोद करण्याची जुनी हौस आहे. वरवर पाहता हा रिकामटेकड्यांचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात त्या हसण्यामागे यंत्राची नेमकी जाण असते. ही जाण आज पूर्वीपेक्षा अधिक उपयोगी का ठरते आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

हॉट रॉड म्हणजे काय?

हॉट रॉड म्हणजे जुनी, स्वस्तातली मोटार घेऊन, तिचे अनावश्यक भाग काढून टाकून आणि इंजिन बदलून किंवा अधिक ताकदवान करून तयार केलेली वेगवान गाडी. दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाट पात्रांत अशा गाड्या पळवण्याचा नाद दुसऱ्या महायुद्धापूर्वीच सुरू झाला होता. युद्धानंतर घरी परतलेल्या तरुणांनी तो देशभर नेला. जानेवारी १९४८ मध्ये याच विषयाला वाहिलेले 'हॉट रॉड' हे मासिक निघाले. या छंदात सर्वांत लाडकी ठरली ती १९३२ ची फोर्ड, कारण त्या वर्षी फोर्डने सामान्य ग्राहकाला परवडेल अशा किमतीत आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन बाजारात आणले. सुमारे ३.६ लिटरचे हे इंजिन ६५ अश्वशक्ती देत असे.

ज्याने हे इंजिन स्वतः खोलून पुन्हा जोडले, त्याला त्याचा प्रत्येक भाग तोंडपाठ झाला. साहजिकच चित्रकाराने केलेली चूक त्याच्या नजरेतून सुटणे अशक्य होते.

आपल्याकडे हा छंद रस्त्यावर फारसा आला नाही. त्याला कायद्याचीही अडचण आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी झालेल्या वाहनात उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली. त्यामुळे हॉट रॉड आपल्या शहरांत गाडीच्या रूपात क्वचितच आणि चित्राच्या रूपात वारंवार येते. ज्याने मूळ वस्तू पाहिलेलीच नाही, त्याने चित्रावरून काढलेले हे चित्र असते. मग त्यात गफलती होणारच.

कुठे हसायचे?

सर्वांत ठळक चूक प्लगच्या वायरींची. पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला एक स्पार्क प्लग, आणि प्रत्येक प्लगला डिस्ट्रिब्युटरपासून आलेली एक वायर असते. कॉइलकडून येणारी वायर वेगळी. म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर पाच वायरी हव्यात आणि व्ही-८ मध्ये नऊ. चित्रकाराला मात्र वायरी म्हणजे नुसती नक्षी वाटते. तो सहा काढतो, अकरा काढतो, कधी एखादी वायर प्लगपासून निघून पुन्हा प्लगलाच जाऊन मिळते.

दुसरी चूक धुराच्या नळ्यांची. व्ही-८ म्हणजे एका बाजूला चार सिलिंडर, तेव्हा नळ्याही चार, असा हिशेब चित्रकार करतो. तर्काने तो बरोबरच आहे. परंतु फोर्डच्या त्या जुन्या इंजिनात मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच मार्गाने बाहेर पडतो. त्यामुळे मूळ इंजिनाला एका बाजूला तीनच तोंडे असतात. तिथे चार नळ्या दाखवणारे चित्र जाणकाराच्या लेखी नापास होते.

तिसरी चूक डिस्ट्रिब्युटरच्या जागेची. शेव्हरोलेच्या १९५५ पासूनच्या लोकप्रिय व्ही-८ इंजिनात तो मागच्या टोकाला असतो. फोर्डच्या १९६० च्या दशकातील छोट्या व्ही-८ मध्ये तो पुढे असतो. झाकणावर एका कंपनीचे नाव आणि डिस्ट्रिब्युटर दुसऱ्या कंपनीच्या जागी, असे चित्र निघाले की थट्टेला ऊत येतो.

चौथी चूक पट्ट्याची. हॉट रॉडच्या बॉनेटमधून वर आलेला मोठा ठोकळा म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा ब्लोअर. या कामासाठी जनरल मोटर्सच्या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनांवरचे ब्लोअर काढून वापरण्याची पद्धत पडली. इंजिनाच्या मुख्य दांड्यावरील पुलीपासून रुंद पट्टा ब्लोअरपर्यंत जातो, तेव्हाच तो फिरतो. कित्येक चित्रांत ब्लोअर दिमाखात उभा असतो आणि पट्ट्याचा मात्र पत्ता नसतो. असे इंजिन हवा कोंबण्याऐवजी तिची वाटच अडवेल.

पाचवी आणि सर्वांत गंभीर चूक स्टिअरिंगची. हॉट रॉडला मडगार्ड नसल्याने पुढचा अॅक्सल, पाटा आणि चाक वळवणारे दांडे उघडे दिसतात. चित्रात अनेकदा हे दांडे नसतातच. ती गाडी सरळ जाईल आणि पहिल्याच वळणावर शेतात उतरेल.

वेडीवाकडी, तरी बरोबर

चुका काढण्याच्या या खेळाला एक शिस्तही आहे. विचित्र दिसते ते सगळे चूक नसते, हे खरा जाणकार आधी तपासतो.

फोर्डची मॉडेल टी ही १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झालेली गाडी. एखाद्या चित्रात ही गाडी उलटी, म्हणजे रिव्हर्समध्ये, चढ चढताना दाखवली तर नवखा माणूस हसेल. जुना माणूस हसणार नाही. या गाडीच्या बहुतेक प्रकारांत पेट्रोलची टाकी सीटखाली होती आणि पंप नव्हता. पेट्रोल केवळ उतारामुळे इंजिनाकडे वाहत असे. टाकीत पेट्रोल कमी असताना सरळ चढ चढू लागले, तर इंजिन टाकीच्या वर जाई आणि उपाशी राही. म्हणून चालक गाडी फिरवून उलटी चढवत. याच गाडीचे तीन पेडल म्हणजे क्लच, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर असे ज्या चित्रात सुचवलेले असते, ते मात्र चुकते. डावे पेडल गती बदलण्यासाठी, मधले रिव्हर्ससाठी आणि उजवे ब्रेकसाठी होते. इंजिनाचा वेग वाढवण्याचा खटका स्टिअरिंगखाली होता. पुढच्या चाकांना तर कारखान्यातून ब्रेकच येत नसत. तेव्हा मॉडेल टीच्या पुढच्या चाकात ब्रेकचा ड्रम रंगवला, की चित्र फसले.

मुंबईकरांच्या आठवणीतली 'डुक्कर फियाट' हेही असेच उदाहरण. १९५४ च्या सुमारास आपल्याकडे आलेल्या या गुबगुबीत गाडीच्या पुढच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला होत्या. दरवाजा उघडायचा तो आजच्या उलट दिशेने. चित्रकाराने तसा काढला तर त्याला चूक म्हणणारा स्वतःच चुकतो. तिच्याच पुढच्या पिढीतील प्रीमियर पद्मिनीचे चित्र आता मुंबईची आठवण म्हणून कपांवर आणि पिशव्यांवर छापले जाते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली होती, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या. त्यांचा भाड्याचा मीटर बाहेर, डाव्या अंगाला असे. छपाईत चित्र उलटे झाले, की मीटर उजवीकडे आणि स्टिअरिंग डावीकडे जाते. मुंबईच्या जुन्या टॅक्सीचालकाला ती गाडी परदेशी वाटावी, अशी अवस्था होते.

अतिशयोक्ती हीदेखील चुकीत मोजायची नसते. अमेरिकेतील एड रॉथ याने १९६० च्या दशकात हॉट रॉड चालवणाऱ्या राक्षसांची चित्रे लोकप्रिय केली. त्यांत चाके गाडीएवढी आणि गिअरचा दांडा छतातून बाहेर आलेला असे. ती मुद्दाम केलेली गंमत होती. या रॉथने १९६१ मध्ये 'बीटनिक बँडिट' नावाची खरीखुरी गाडी बनवली. तिला स्टिअरिंगचे चाकच नव्हते, सगळा कारभार एका दांड्यावर चाले. तिचे हुबेहूब चित्र पाहूनही कुणी चूक काढू शकेल.

चिन्हाचेही तसेच. फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगच्या फलकावर वाफेचे इंजिन असते. आपल्या मूर्तिजापूर–अचलपूरच्या 'शकुंतला'चे वाफेचे इंजिनही १९९४ मध्ये गेले. तरी त्या फलकाला कुणी हसत नाही, कारण 'पुढे रेल्वे आहे' एवढेच त्याला सांगायचे असते. इंजिन कसे चालते हे सांगण्याचा त्याचा दावा नाही.

कॅमेऱ्यातून आलेली चूक

काही चुका चित्रकाराच्याही नसतात. धावत्या मोटारीची चाके अंडाकृती आणि पुढे झुकलेली काढण्याची पद्धत व्यंगचित्रांत सर्रास आहे. खरे चाक असे कधीच दिसत नाही. या पद्धतीशी एका छायाचित्राचे नाते सांगितले जाते. फ्रेंच छायाचित्रकार झाक-आंरी लार्तिग याने १९१२-१३ च्या सुमारास एका शर्यतीत वेगाने जाणारी मोटार टिपली. त्याच्या कॅमेऱ्यातील पडद्याची अरुंद फट काचेवरून सरकत प्रतिमा पट्ट्यापट्ट्याने उमटवत असे. चाकाचा खालचा भाग आधी उमटला, वरचा भाग उमटेपर्यंत गाडी पुढे सरकली होती. म्हणून चाक पुढे कलले. कॅमेराही गाडीबरोबर फिरत असल्याने मागचे प्रेक्षक उलट दिशेला कलले. यंत्राच्या मर्यादेतून आलेला हा दोष पाहणाऱ्यांना वेगाचा भास देऊन गेला. कल असा बरोबर दिशेने असेल तर जाणकार तो क्षम्य मानतात. चाके मागे झुकलेली काढली, तर मात्र गाडी घाबरून थबकल्यासारखी दिसते.

हात का चुकतो?

रोज पाहिलेली वस्तूही आपल्याला नीट आठवत नाही, हे मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. लिव्हरपूल विद्यापीठातील रिबेका लॉसन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना सायकलच्या चौकटीचे, पेडलचे आणि साखळीचे स्थान विचारले होते. अनेकांनी गंभीर चुका केल्या. कुणी साखळी दोन्ही चाकांना गुंडाळली. अशी सायकल वळणारच नाही. इटलीतील जानलुका जिमिनी या कलावंताने लोकांकडून आठवणीने सायकली काढून घेतल्या आणि त्या जशाच्या तशा तयार केल्या तर कशा दिसतील, याची चित्रमालिका केली. त्यांतल्या अनेक सायकली स्वार बसताच मोडतील अशा आहेत.

आपल्याला वस्तूचा आकार आठवतो, तिच्या भागांमधले नाते आठवत नाही. यंत्र तर नात्यांवरच चालते. एक भाग दुसऱ्याला ढकलतो, दुसरा तिसऱ्याला फिरवतो. ही साखळी डोक्यात नसेल, तर हात केवळ आकार काढतो.

ब्रिटनच्या दोन पौंडांच्या नाण्याने हीच गोष्ट सरकारी मोहरेनिशी सिद्ध केली. १९९८ मध्ये चलनात आलेल्या या नाण्यावर तंत्रज्ञानाची प्रगती दाखवण्यासाठी एकमेकांत अडकलेल्या दंतचक्रांचे कडे कोरले होते. दंतचक्रे होती १९. शेजारची दोन चक्रे नेहमी विरुद्ध दिशांना फिरतात. त्यामुळे बंद कड्यात चक्रांची संख्या सम असावीच लागते. ती विषम असेल, तर शेवटचे चक्र पहिल्याला अडवते आणि सगळे कडे जागच्या जागी आवळून बसते. तीन दंतचक्रे एकमेकांत अडकवलेले बोधचिन्ह आपल्याकडेही कितीतरी कार्यालयांच्या पाट्यांवर दिसते. 'सहकार्याने प्रगती' असा त्याचा अर्थ लावला जातो. यंत्राच्या भाषेत त्याचा अर्थ 'तिघांनी मिळून काम बंद पाडले' असा होतो.

हा खेळ वऱ्हाडाला नवा नाही

अमेरिकेतील छंद म्हणून याकडे परकेपणाने पाहण्याचे कारण नाही. पोळ्याच्या जाहिरातीतील बैलगाडीचे चित्र वऱ्हाडातल्या शेतकऱ्यापुढे ठेवून पाहावे. जू बैलाच्या वशिंडाच्या मागे टेकवलेले असेल, तर तो लगेच ओळखेल. जू असते मानेवर, वशिंडाच्या पुढे. बैल जोर लावतो तेव्हा ते वशिंडाला अडते आणि म्हणूनच गाडी ओढली जाते. जुवाला शिवळा नसतील, तर बैल पहिल्याच पावलाला बाजूला होईल. लाकडी चाकाचा घेर वक्र तुकड्यांचा बनतो आणि सहसा प्रत्येक तुकड्यात दोन आरे बसतात, म्हणून आऱ्यांची संख्या सम भरते. मॉडेल टीच्या लाकडी चाकातही बाराच आरे होते. आरे, तुंबा आणि धाव यांचा हिशेब सुताराला आणि लोहाराला पाठ असे. मोटार आली तेव्हा तिने चाकाचे हेच शास्त्र उचलले. बैलगाडीच्या चित्राला हसणारा शेतकरी आणि व्ही-८ च्या चित्राला हसणारा मेकॅनिक हे एकाच शाळेचे विद्यार्थी आहेत.

हसण्यापलीकडचा प्रश्न

चित्र भिंतीवर असेपर्यंत ही चूक निरुपद्रवी असते. त्यावरून वस्तू घडू लागली, की गोष्ट बदलते.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'विंटेज' नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये शुल्क आहे आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. त्यातली मुख्य अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि त्यात मोठे फेरफार झालेले नसावेत. मग मूळ स्वरूप कोणते, हा प्रश्न उभा राहतो. उत्पादकाची पुस्तिका मिळाली तर उत्तम. ती न मिळाल्यास गाडी दुरुस्त करणारा जुन्या चित्रांचा आणि छायाचित्रांचा आधार घेतो. चित्र चुकीचे असेल, तर चूक पत्र्यात उतरते. पुढच्या माणसाला तीच मूळ वाटते.

लग्नसराईत वरातीसाठी भाड्याने मिळणाऱ्या 'विंटेज' मोटारींकडे पाहिले तरी हे कळते. त्यांपैकी अनेक गाड्या म्हणजे जीप किंवा तत्सम वाहनाच्या चॅसीवर नवा पत्रा चढवून केलेले जुन्याचे सोंग असते. पुढे उंच जाळी, बाजूला पायरी आणि स्टेपनी, हा साज चित्रावरून घेतलेला असतो. साज चुकला तर फक्त हसू होते. स्टिअरिंगचा दांडा किंवा ब्रेक अंदाजाने जोडला, तर त्या गाडीत बसलेल्या नवरा-नवरीचा आणि पुढे नाचणाऱ्या वऱ्हाडी मंडळींचा जीव टांगणीला लागतो.

त्यात संगणकाने स्वतः तयार केलेल्या चित्रांची भर पडली आहे. २०२२ पासून अशी चित्रे काढणारी साधने सर्वांच्या हाती आली. त्यांनी काढलेली मोटार छायाचित्राइतकी खरी दिसते. मात्र एका चाकात दहा आरे तर दुसऱ्यात तेरा, धुराची नळी मडगार्डमधून निघालेली, नंबरप्लेटवर कोणत्याच लिपीत नसलेली अक्षरे, असे प्रकार त्यांत वारंवार आढळतात. पाटी रंगवणारा पेंटर निदान रस्त्यावरची गाडी पाहून यायचा, शेजारच्या मेकॅनिकला विचारायचा. संगणकाने लाखो चित्रे पाहिलेली असतात आणि एकाही इंजिनाचे झाकण उघडलेले नसते. त्याच्या चुका सफाईदार असल्याने अधिक फसव्या आहेत. जुन्या गाड्यांवर हात बसलेली पिढी निवृत्त होत असताना, त्या चुका ओळखणारे कमी होत जाणार.

चित्र कसे पाहावे?

हे ज्ञान मिळवण्यासाठी गॅरेज काढण्याची गरज नाही. चित्रासमोर उभे राहून काही साधे प्रश्न विचारले तरी पुरतात. चाकातले आरे मोजावेत, चारही चाकांत ते सारखे आहेत का ते पाहावे. स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे आणि नंबरप्लेटवरची अक्षरे सरळ आहेत का, हे पाहावे. पाटीवरचा क्रमांक गाडीच्या काळाशी जुळतो का, हेही तपासावे. 'एमएच २७' अशी पाटी लावलेली मोटार १९६० च्या दशकातील अमरावतीच्या देखाव्यात उभी असेल तर ती चूक आहे, कारण राज्याची अक्षरे आणि जिल्ह्याचा अंक ही पद्धत १९८९ नंतरची आहे. मग इंजिनाकडे वळावे. प्लगच्या वायरी मोजाव्यात. प्रत्येक पट्टा एका पुलीवरून निघून दुसऱ्या पुलीवर जातो का, प्रत्येक नळी कुठून तरी निघून कुठेतरी पोहोचते का, हे बोटाने माग काढत पाहावे. शेवटी स्टिअरिंगपासून चाकापर्यंत नजर न्यावी. वाट मध्येच तुटली, तर ती गाडी चित्रातच ठेवलेली बरी.

मुलांबरोबर हा खेळ खेळला तर पाठ्यपुस्तकातील यंत्रशास्त्राचा धडा अर्ध्या तासात समजतो. चूक शोधणाऱ्याला आधी बरोबर काय ते ठरवावे लागते आणि ते ठरवताना यंत्र आपोआप कळत जाते. चित्रकारांनाही यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. ब्रश उचलण्यापूर्वी शेजारच्या गॅरेजमध्ये दहा मिनिटे उभे राहिले, तर पाटी अधिक देखणी होईल. मग एखादा म्हातारा मेकॅनिक तिच्यासमोर थांबेल, वायरी मोजेल आणि न हसता पुढे जाईल. चित्रकाराला त्याच्याकडून याहून मोठी पावती मिळणार नाही.